आजच्याच तारखेला

आमच्या घरात जुन्या गोष्टी रंगवून सांगायची सोय नाही. आत्या बसलेली असली की नाहीच नाही. पानशेतच्या पुराची गोष्ट काका दर पावसाळ्यात सांगतात आणि दर पावसाळ्यात पाणी थोडं वर चढतं. आधी ते गुडघ्यापर्यंत होतं, मग कमरेला लागलं, हल्ली काका शेजारच्या आजींना पाठुंगळीला घेऊन जिना चढतात. आत्या तांदूळ निवडत असते. मान वर न करता म्हणते, "बारा जुलै एकसष्ट, बुधवार. शाळा मधेच सोडली होती. तुला ताप होता, दादानं तुला काखोटीला मारून वर नेलं. आजी आपल्या पायांनी चढल्या, हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण." काका चहा मागतात. गोष्ट संपते.

हे पाठांतर नव्हे. सनावळ्या तिला शाळेतही कधी जमल्या नाहीत, पाढे बाराच्या पुढे अडखळतात. चष्मा कुठे ठेवला हे ती घरभर विचारत फिरते, गॅसवरचं दूध उतू घालवते. पण २५ जून १९८३ म्हणा. "शनिवार," ती म्हणते, आणि त्या रात्रीत कपिल देव जवळजवळ नसतोच. असते ती सकाळची पडवळाची भाजी, सासूबाईंच्या भाजलेल्या बोटाला बांधलेली चिंधी आणि विश्वचषक जिंकला म्हणून बोंबलत जिना उतरलेल्या पोरांनी लाथाडलेली पाण्याची बादली. पाणी पार खालच्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यापर्यंत गेलं होतं. जगात काय झालं याची नोंद तिच्याकडे नाही. ती स्वतः जिथे होती तेवढंच आहे, आणि तिथलं मात्र काहीही टाकून दिलेलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या जिल प्राइस या बाईंबद्दल वाचलं तेव्हा मला बरंचसं ओळखीचं वाटलं. २००० साली त्यांनी मेंदूचे अभ्यासक जेम्स मॅकगॉ यांना ई-मेल केली: मला विसरता येत नाही, काही करता येईल का? मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं त्यांना तपासलं आणि २००६ साली शोधनिबंध लिहिला. त्यात बाई फक्त 'ए. जे.' होत्या, स्वतःचं नाव त्यांनी नंतर आपल्या पुस्तकात सांगितलं. ५ फेब्रुवारी १९८०, मंगळवार, तिथपासून पुढचा प्रत्येक दिवस आपल्याला आठवतो असं त्या सांगत. एकदा त्यांना ध्यानीमनी नसताना १९८० ते २००३ पर्यंतच्या ईस्टरच्या तारखा लिहायला सांगितलं. ईस्टर आपल्या गणपतीसारखा दरवर्षी सरकतो, आणि बाई ज्यू, म्हणजे सण घरचाही नाही. दहा मिनिटांत चोवीस तारखा लिहून झाल्या. एकच चुकली, तीही दोन दिवसांनी. शिवाय प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी आपण काय केलं ते. याच बाईंना जुडग्यातली कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे मात्र लक्षात राहत नसे. मला आत्याचा चष्मा आठवला आणि हायसं वाटलं.

आत्याला कुणी तपासलेलं नाही. तिच्यावर एखादं लांबलचक नाव चिकटवायची मलाही हौस नाही. पण अशी आणखी माणसं पुढे सापडत गेली, आणि २०१६ च्या एका अभ्यासातली गोष्ट मनात घर करून राहिली. आठवड्यापूर्वीच्या दिवसाबद्दल विचारलं तर ही माणसं आणि तुम्ही-आम्ही जवळपास सारखेच. महिना गेला, वर्ष गेलं, दहा वर्षं गेली की अंतर पडत जातं. टिपताना ती काही आपल्यापेक्षा जास्त टिपत नाहीत, त्यांचं गळत नाही एवढंच. आत्याकडे बघून आपण विचारतो, हिला आठवतं कसं? मला हल्ली उलटच नवल वाटतं. परवाची भाजी, तेरवाचा फोन, गेल्या महिन्यातली एक अख्खी दुपार इतक्या गुपचूप जाते कुठे? आणि आपण साधी चौकशीही करत नाही.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आत्या 'आजची तारीख' घेते. गेल्या वर्षी आजच्या तारखेला काय, त्याच्या आदल्या वर्षी काय, असं एकेक पायरी खाली. झोप लागली तर बरं, नाहीतर थेट माहेरच्या वाड्यापर्यंत. हे मुद्दाम करतेस का, असं मी एकदा विचारलं. "मुद्दाम कोण करेल रे? ओळीनं लावून घेते. नाहीतर सगळे दिवस एकदम बोलायला लागतात."

बोलतात म्हणजे आवाजासकट. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिच्या अंगावरचे हलव्याचे दागिने बघून मोठ्या वन्सं चारचौघींत म्हणाल्या होत्या, "माहेरी साखर मोजून वापरतात वाटतं." त्या हे कधीच विसरल्या. पुढे दोघींचं मेतकूट जमलं, वन्संच्या शेवटच्या आजारपणात सगळं आत्यानंच केलं. पण ते वाक्य आजही त्याच सुरात येतं आणि आजही तिच्या कानाच्या पाळ्या तापतात. आपण माणसांना माफ करतो त्यातलं निम्मं तर विसरलेलंच असतं. आत्याला ती सवलत नाही. तिनं केलेली माफी पुऱ्या किमतीची असते, आणि ती दर संक्रांतीला नव्यानं मोजावी लागते. तिची स्मरणशक्ती आपल्याला हवी होती असं म्हणणाऱ्या परीक्षार्थी भाचरांना हे सांगून उपयोग नसतो.

अर्थात तिचं सगळं काळ्या दगडावरची रेघ, असंही नाही. अशा स्मृतीच्या माणसांच्या मनातही खोट्या आठवणी पेरता येतात, इतरांइतक्याच सहज, असं लॉरेन्स पॅटिहिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिलं. हे मी काकांच्या कानावर घातलं. त्या पावसाळ्यात पाणी छातीपर्यंत आलं.

आतोबा गेले तो दिवस ती कधी काढत नाही. तो आम्हा सगळ्यांनाच पाठ आहे. तिच्याकडे आहेत ते त्यांचे बाकीचे दिवस: नवी छत्री बसमध्ये विसरून आले आणि वर हिच्यावरच डाफरले तो, खिशातून तिखटमीठ लावलेला अर्धा पेरू काढला तो, नुसतीच दाढ दुखत होती तो सोमवार. श्राद्धाची तयारी चालली होती तेव्हा मी म्हटलं, "आत्या, तुला तर ते रोजच आठवतात. मग एवढा घाट कशाला घालतेस?"

"माझ्यासाठी नाही रे," ती वरण घोटत म्हणाली. "त्या दिवशी तुम्हालाही आठवतात ना. तेवढीच मला सोबत." आणि डाव बाजूला ठेवत, "गुरुजींना आजच फोन कर. गेल्या वेळी साडेअकरा वाजवले होते त्यांनी, आणि जानवं घरी विसरून आले होते."