कंट्रोल-डी

शीळफाट्याच्या आमच्या सोसायटीचे हिशेब गळ्यात पडलेत ना!

हात थरथरतो, माऊस चौकटीवर ठरत नाही. नातू म्हणाला, "आजी, तो उंदीर सोड, बोटांनी काम कर." मी सगळं वहीत उतरवून घेतलं (शेवटी मास्तरीणच!). कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की रकान्याचं टोक. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह, की बेरीज मांडून तयार. कंट्रोल-डी दाबलं, की वरची रक्कम खाली निवडलेल्या सगळ्या चौकटींत. शाळेत निकालपत्रकाच्या उभ्या-आडव्या बेरजा जुळेपर्यंत आम्ही जागायचो, ते आठवलं.

गेल्या महिन्यात थकबाकीदारांचा दंड असाच एका झटक्यात खाली उतरवला, यादी छापली, फलकावर लावली. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पावती घेऊन दारात. पैसे वेळेवर भरलेले. "बाई, माझं काही चुकलं का हो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाताने लिहिताना प्रत्येक नावापाशी पेन थांबायचं. काकूंच्या नावाशी ते नक्की अडलं असतं. कंट्रोल-झेडने केलेलं मागे घेता येतं म्हणे, पण फलकावरचा कागद चार जणांनी वाचला त्याचं काय? खाली जाऊन तो काढला आणि दुसऱ्यावर काकूंची माफी लिहून लावली.

कंट्रोल-डी सोडलेलं नाही. फक्त नंतर पडद्यावर फूटपट्टी धरून एकेक नाव मोठ्याने वाचते. नातू म्हणतो, "आजी, हजेरी घेतेस का?"