रात्री गाडी कुणाची?

गणपतीला गावी जायचं ठरलं की आम्हा सासुरवाशिणींच्या याद्या सुरू होतात. कापूर, सुपाऱ्या, मुलांचे रेनकोट, सासूबाईंच्या गुडघ्यांचं तेल. रात्री कुणाला काही झालं तर गाडी कुणाची, हे मात्र कुणाच्याच यादीत नसतं.

आमचं सासर रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. घर डांबरी रस्त्यापासून अर्धा मैल आत. दोन वर्षांपूर्वी गणपतीतच माझ्या दिरांची अकरा वर्षांची मुलगी पहाटे तीनला उठली आणि पोट दुखतं म्हणून रडायला लागली. आदल्या दिवशी मोदक झालेले, तेव्हा जाऊबाईंनी ओवा दिला. अंगावर सूज नाही, चावल्याची खूण नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "काकू, मला डोळे उघडता येत नाहीत." सासूबाई तिला थोपटून निजवायला लागल्या. शेजारच्या आशाताई रडणं ऐकून आल्या, त्यांनी बॅटरी धरून पापण्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "ही झोप नव्हे. मण्यार चावलीय."

मण्यारीचं हे असंच असतं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दात इतके बारीक की पुष्कळदा कळतही नाही. घोणस किंवा फुरसं चावलं तर सूज, रक्त दिसतं तरी. मण्यारीचं विष मात्र आधी पापण्या पाडतं, मग गिळणं बंद करतं आणि शेवटी श्वास.

१०८ ला फोन लागला, पण गाडी यायला चाळीस मिनिटं. तिकडची मंडळी नम्र होती हो, पण गाडी लांब होती त्याला ती काय करणार? २०१४ साली राज्यात ही सेवा सुरू झाली तेव्हा गाड्या होत्या ९३७, आणि आपल्याकडे गावं चाळीस हजारांच्या वर. शेवटी टेम्पो मिळाला तो ज्यांच्याशी आमचा बांधावरून अबोला होता त्यांचा. भावजींनी दार वाजवलं, माणूस बनियनवरच बाहेर आला, एक शब्द न बोलता चावी घेऊन निघाला. पोरीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणली, कारण साप चावलेल्याला चालवायचं नसतं.

जवळच्या दवाखान्यात गेलो तर सापाचं इंजेक्शन संपलेलं! तिथून पुढचं रुग्णालय वीस किलोमीटर. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी सलाइनमधून औषध सुरू केलं आणि श्वास मंदावताच फुगा दाबून हातानं श्वास दिला. मण्यारीनं एकदा नसा लुळ्या केल्या की इंजेक्शननं त्या लगेच सुटत नाहीत, तोवर श्वास कुणीतरी चालवावाच लागतो. १०८ ची गाडी आता तिथं आली होती. तिच्यातल्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या गावापर्यंत तो फुगा हातातून सोडला नाही. तीन दिवस पोर यंत्रावर होती. आज माझ्याशीच इंग्रजीच्या स्पेलिंगवरून वाद घालते.

आमच्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात, १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशानं मुलं दगावताना पाहिली. त्यावर त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून पाहिली. पत्नी डॉ. प्रमोदिनी या कामात बरोबर होत्या. मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात राहिली असती तर वाडीवरच्या पोराला तिचा काय उपयोग?

सापाचंही तेच. देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली.

भगताशी मी वाद घालत नाही. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही, म्हणून त्याचा मंत्र 'लागू' पडतो. आशाताई त्याला सरळ सांगतात, "बाबा, गाडीत बस आणि वाटेत म्हण." घट्ट दोरी बांधू देत नाहीत, ब्लेड लावू देत नाहीत, चोखूही देत नाहीत. हातापायाला फळी किंवा मिटलेली छत्री लावून तो हलू द्यायचा नाही. बांगड्या, अंगठ्या, पैंजण सूज चढण्याआधी काढायचे. पापण्या पडत असतील तर तोंडातून पाणीसुद्धा नाही, आणि माणसाला कुशीवर निजवायचं.

त्यानंतर बचत गटाच्या बायकांनी शाळेच्या भिंतीवर तेलरंगानं नावं लिहून घेतली: रात्री गाडी कोण काढेल, चालक कोण, झोळी कुणाकडे, डिझेलचे पैसे गटाच्या पेटीतून. मे महिन्याच्या शेवटी आशाताई तीन दवाखान्यांत विचारून येतात की इंजेक्शन आहे का, आणि जिथं आहे त्याचंच नाव खडूनं लिहितात. माझ्या मते या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचं. आम्हीही आता गावी मच्छरदाण्या नेतो, गादीखाली नीट खोचतो. डासांसाठी म्हणून मुलं ऐकतात, सापासाठी म्हटलं तर घाबरून झोपत नाहीत.

भिंतीवर पहिलं नाव त्या टेम्पोवाल्यांचं आहे. बांधाचा दावा अजून कोर्टात आहे. यंदा त्यांचा फोन नंबर बदलला, तर तो सांगायला ते स्वतः आमच्या ओटीवर आले, आणि सासूबाईंनी चहा टाकला.