ओझे

घरातून निघताना ओझे हलके वाटते. अंगणात उभे राहून पिशवी उचलून पाहिली, तर खांदा तक्रार करीत नाही. मग आणखी एखादी वस्तू आत सारावीशी वाटते. न जाणो, वाटेत लागली तर! या ‘न जाणो’ला अंत नसतो. वाट चढू लागली, की तीच पिशवी पावलागणिक जड होत जाते. उष्ण कटिबंधातील अरण्यात तर ती खरोखरच जड होते. कारण तेथला पाऊस तंबूत, कांबळ्यात आणि दोरखंडात मुरून बसतो. दाट पानांमुळे ऊन खाली उतरत नाही, वारा शिरत नाही, आणि भिजलेली वस्तू चार-चार दिवस भिजलेलीच राहते.

हा हिशोब फार मोल देऊन शिकलेल्या माणसांत थिओडोर रूझवेल्ट यांची गणना करावी लागेल. १९०१ ते १९०९ या काळात ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. १९१२ च्या निवडणुकीत पराभव झाल्यावर त्यांनी दक्षिण अमेरिकेची वाट धरली. ब्राझीलच्या अरण्यात एक नदी उगम पावते, परंतु ती पुढे कोठे जाते हे नकाशे करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. म्हणून तिचे नावच पडले होते ‘संशयाची नदी’. तिचा माग काढण्याचे ठरले. ब्राझीलचे कर्नल कांदिदो रोंदोन हे मोहिमेचे सहनायक झाले. अरण्याशी त्यांचा परिचय जुना होता. तारायंत्राचे खांब रोवीत ते वर्षानुवर्षे त्या मुलखात हिंडले होते.

आरंभी सामानाचा थाट मोठा होता. ते जमविणाऱ्या गृहस्थांचा अनुभव होता उत्तर ध्रुवाकडील बर्फाचा! यंत्रावर चालणाऱ्या नौका आल्या, पेट्यांचे ढीग आले. बैल आणि खेचरे ते सारे पाठीवर घेऊन मातो ग्रोसोच्या पठारावरून निघाली. काही बैलांनी ओझी झुगारून दिली. पुष्कळ जनावरे चारा आणि बळ संपून वाटेतच पडली. पेट्या उघडून पाहिल्या, तेव्हा काहींत ऑलिव्हचे तेल, मोहरीची चटणी, एवढेच काय, उंची मद्यही निघाले. जनावरे कमी होऊ लागली तसे सामान मागे टाकावे लागले, आणि घाईने टाकताना माणसाची निवड नेहमीच शहाणपणाची होते असे नाही. कॅनव्हासच्या हलक्या होड्याही मागेच राहिल्या. पुढे नदीवर त्यांची आठवण किती वेळा झाली असेल!

२७ फेब्रुवारी १९१४ रोजी बावीस माणसे सात डोणींतून नदीत उतरली. झाडांचे बुंधे कोरून केलेल्या त्या डोणी अतिशय जड होत्या, आणि त्यांतल्या दोन तर जुन्या व गळक्या होत्या. बरोबर सुमारे पन्नास दिवस पुरेल एवढी शिधासामग्री होती, तीही पोटभर नव्हे. उरलेले मासे, शिकार आणि ताडाचे कोंब यांवर भागवावयाचे होते. औषधे, अंथरुणे, मोजमापाची यंत्रे आणि थोडी पुस्तके हे बाकीचे सामान. होय, पुस्तकेही! रूझवेल्टांच्या पिशवीत गिबनच्या रोमविषयक इतिहासाचे अखेरचे दोन खंड होते. ज्याला वाचल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच्या लेखी पुस्तक हे शिधासामग्रीतच मोडते; त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

थोड्याच दिवसांत नदी खडकांवरून फेसाळत धावू लागली. जेथे डोणी जाणे शक्य नव्हते, तेथे सारे सामान उतरवून काठाकाठाने पुढे वाहून न्यावे लागे. डोणींसाठी अरण्यात वाट तोडावी, दोनशेच्या आसपास ओंडके अंतराअंतरावर मांडावे, कप्पी लावून डोण काठावर चढवावी आणि दोराला दोन-दोन माणसांनी जुंपून घेऊन ती ओंडक्यांवरून ओढावी, असा तो क्रम होता. हे ओढणारे कोण? सोळा कामकरी. पेटी भरणारा हात एकाचा आणि ती वाहणारा खांदा दुसऱ्याचा, असे झाले म्हणजे वस्तूचे वजन भरणाऱ्याला कळत नाही. या नदीवर ते सर्वांनाच कळू लागले.

काही डोणी प्रवाहाने फोडून टाकल्या. १५ मार्च रोजी एक डोण बुडाली आणि तिच्याबरोबर सिंप्लिसिओ नावाचा तरुण कामकरी वाहून गेला. त्याचा देहही सापडला नाही. डोणी कमी पडू लागल्या, तेव्हा दोन मोठे तंबू आणि यंत्रांची एक पेटी मागे ठेवण्यात आली. मार्चअखेर नदी एका खोल दरीत शिरली, आणि पुन्हा एकदा प्रत्येकाने आपली पिशवी रिकामी करून पाहिली. रूझवेल्टांनी काय ठेवले? रात्री घालण्याचा एक पायजमा-सदरा, आत घालण्याची एक जादा चड्डी, मोज्यांचा एक जोड, सहा रुमाल, आंघोळीचे साहित्य, औषधांची छोटी पेटी, जादा चष्मा, सुई-दोरा, चिकटपट्टी, किडे पळविणारे मलम, पैशाचे पाकीट आणि मनौस शहरी पैसे मिळण्यासाठी घेतलेली हुंडी. हे सारे खाट, कांबळे आणि मच्छरदाणी यांच्याच पिशवीत मावले. एके काळी एवढ्या मोठ्या देशाचा कारभार पाहणाऱ्या माणसाचा संसार तो एवढा!

ही यादी नीट पाहिली, तर तीत एकही वस्तू शोभेची नाही. रात्रीचा कोरडा पोशाख हा काही चैनीचा भाग नव्हे. आज नायलॉनचे झुले आणि पाणी न शिरणाऱ्या पिशव्या मिळतात; तरीही अशा अरण्यात जाणारे जाणकार कपड्यांचे दोनच जोड नेतात. एक चालण्याचा, तो ओलाच राहावयाचा. दुसरा झोपण्याचा, तो जिवापाड कोरडा जपावयाचा. पहाटे कोरडे कपडे काढून पुन्हा तेच थंडगार ओले अंगावर चढवावे लागतात. ते जिवावर येते खरे. पण त्या वेळी जो आळस करतो, त्याला दुसऱ्या रात्री कुडकुडत बसावे लागते.

दोरखंड मात्र कोणी टाकले नाहीत. भिजलेला दोर कपड्यांच्या गाठोड्याहून जड. तो आधी टाकावा असे नवख्याला वाटेल. दरीच्या तोंडाशी स्वतः रोंदोन म्हणाले, की डोणी आता येथेच सोडाव्या लागतील. रूझवेल्टांचा मुलगा कर्मिट याने पूल बांधण्याचे काम केलेले होते. तो आणि लेफ्टनंट लिरा यांनी दोर बांधून रिकाम्या डोणी खडकांवरून एकेक करून खाली सोडल्या. एक फुटली, बाकीच्या उतरल्या.

त्याच सुमारास पाण्यात अडकलेल्या डोणी सोडविताना रूझवेल्टांच्या पायाला जखम झाली. ती चिघळली, ताप चढला. पंचावन्न वर्षांचा तो धिप्पाड पुरुष आता स्वतःच इतरांच्या खांद्यावरचे ओझे झाला होता, आणि हे त्याला सोसवेना. मला येथे सोडून तुम्ही पुढे जा, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले. सामान टाकण्यात इतकी तत्पर झालेली ती मंडळी हे ऐकावयास मात्र तयार झाली नाहीत. डॉक्टरांनी अरण्यातच जखमेवर शस्त्रक्रिया केली. कर्मिट वडिलांच्या उशाशी बसून राहिला.

१५ एप्रिल रोजी काठावर एक खांब दिसला. त्यावर दोन अक्षरे डागलेली होती. रबर गोळा करणाऱ्या कोणा माणसाची ती खूण होती. २६ एप्रिलला वाट पाहणारी तुकडी भेटली आणि पुढे चारच दिवसांत ते मनौसला पोहोचले. तोवर रूझवेल्टांच्या शरीराचे वजन सुमारे पंचवीस किलोंनी घटले होते. पाकिटातील ती हुंडी त्यांच्याजवळ होती. अरण्यात दोन महिने तिला काडीचीही किंमत नव्हती.