जवारी

माझ्या मोठ्या मुलाच्या कानात सतत हेडफोन. बारावीचा निकाल लागला आणि त्याने जाहीर केलं, "अम्मी, मला इंजिनीअरच व्हायचंय, पण साउंडचा." त्याच्या खोलीतल्या गिटारच्या गोंगाटाला मी आधीच कंटाळलेली. म्हटलं, "आवाज मोठा करायला शिक्षण कशाला लागतं?" तो चिडला नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर शेजारी येऊन बसला आणि अँडी वॉलेस या माणसाबद्दल सांगू लागला.

हा अमेरिकन माणूस रॉक आणि मेटल गाण्यांचं मिक्सिंग करणारा. ड्रम, गिटार, गाणाऱ्याचा गळा असं सगळं वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं असतं. त्यातलं कोण पुढे येईल, कोण मागे थांबेल, कुणाला किती घुमारा द्यायचा, हे तो बसवतो. निर्वाणाचा 1991 मधला 'नेव्हरमाइंड', लिंकिन पार्कचा 2000 मधला 'हायब्रिड थिअरी', दोन्ही त्याच्या हाताखालून गेलेले. निर्वाणाच्या पोरांनी पुढे कुरकुर केली म्हणे, अल्बम फार गुळगुळीत झाला. (माझी सहानुभूती वॉलेसला. मुलांचे निबंध तपासते ना मी!) जेफ बकलीचा 1994 मधला 'ग्रेस' तर त्याने स्वतः प्रोड्यूस केला. हा बकली नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा वेडा चाहता, त्यांची कव्वाली स्वतः गायचा. नुसरतचं नाव निघालं तशी मी सरसावून बसले, हे पोराने बरोबर हेरलं.

मला मिरजेचे मामू आठवले. साताऱ्याला आल्यापासून त्यांच्याकडे जाणं कमीच झालंय. पुढच्या रविवारी दोघं रेल्वेने गेलो.

मामू आयुष्यभर तंबोऱ्याची जवारी लावत आले. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी उचललं. हत्यारांना धार लावणारे हात ते; फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं सुरुवातीचं नाव. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मामूंनी जवारी लावलेले तंबोरे मोठमोठ्या मैफिलींत वाजले असतील, पण त्यांच्यावर नाव दुकानाचं. मामूंचं कुठेच नाही.

तंबोऱ्याच्या तारा तबलीवरच्या घोडीवरून जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. कानशीने घासून घासून तो काढायचा. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. धागा केसभर मागेपुढे झाला तरी आवाज बदलतो. नेमक्या जागी बसला की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येऊ लागतो. त्या सुराची तार तंबोऱ्याला नसतेच!

मुलाने हेडफोन मामूंच्या कानाला लावला. मामूंचा उजवा कान आता जवळजवळ गेलाय, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी हेडफोन काढून डावीकडची वाटी तेवढी कानाशी धरली. लिंकिन पार्कचं अख्खं गाणं ऐकलं. मी मनात म्हटलं, आता फेकून देतात.

"शोर नै ये, बेटा," ते म्हणाले. "इत्ते लोगां एकदम चिल्लारे, पन कोई किसी पे गिरता नै."

मग त्यांनी एक जुना तंबोरा मांडीवर घेतला, धागा मुलाच्या बोटांत दिला आणि तार छेडत राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पोरगा घामाघूम. एकदा तार एकदम उजळली. मला कळलं, मुलाला कळलं. मामू मात्र माझ्या तोंडाकडे बघत होते. "लगी क्या?" त्यांनी विचारलं. तो आवाज त्यांच्या कानापर्यंत पोहोचला नव्हता.

"लगी, मामू," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत मुलगा हेडफोन न लावता खिडकीशी बसला होता. इंजिनीअरिंगचा फॉर्म मी अर्धा भरून ठेवलाय. शुक्रवार शेवटची तारीख आहे आणि आज बुधवार.