काळ्या कुत्रीची तसबीर

रस्त्यावरून उचलून आणलेल्या आणि आता आमच्या ओसरीवर वहिवाटीचा हक्क सांगणाऱ्या काळ्या कुत्रीची तसबीर घेणे हे वाटते तितके सुलभ कर्म नव्हे. कारण कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे जग मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून हिशेब मांडतो, आणि तिची कृष्णकांती अकारण फिकी उतरते. उपाय इतकाच, की यंत्राचा निवाडा फिरवून प्रकाश एक-दीड पायरी मुद्दाम घटवावा आणि सकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहावी. झोताचा दिवा तर वर्ज्यच: श्वानाच्या नेत्रपटलामागील परावर्तक थरामुळे डोळे हिरवट पेटतात, आणि पूर्वायुष्यात दगड खाल्लेल्या जीवाला तो लखलखाट सोसवतही नाही.

तिच्या कानाचे कातरलेले टोक, म्हणजे २००१ च्या केंद्रीय नियमांत सांगितलेली निर्बीजीकरणाची खूण, मी चित्रातून कधी वगळत नाही. तिच्यापाशी असलेला सरकारी दस्तऐवज काय तो तेवढाच.

अंगणातील अन्य रहिवासी अशी सवड देत नाहीत. जास्वंदीपाशी क्षणभर तरंगणाऱ्या शिंजिराचे पंख सेकंदाच्या हजाराव्या अंशातही पुसट उमटतात. मुंगसाची फक्त शेपटी पदरात पडते. आणि ज्याची टुकटुक दुपारभर कानी येते तो तांबट, हिरव्या पानांत हिरवाच असल्याने, ऐकण्यापुरताच राहतो. कुत्रीचे वैर मात्र एकट्या खारीशी. खार दिसली, ती भुंकली, की त्या दिवसाचे पक्षिचित्रण बरखास्त!