पेलेल तेवढंच!

मैत्रिणींनो, संगणक रेंगाळला की दर वेळी नवा घेणं परवडतं का? आमच्याकडे इंटेलचा २०१४ सालचा स्वस्तातला पेंटियम जी३२५८ आहे. मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ; मदरबोर्डाची साथ असेल तर बायोसमध्ये गुणक वाढवून तो चढवता येतो. पण घाई नको हं! त्यात आईचे शेवटचे फोटो होते. ते आधी दुसरीकडे उतरवले. पंख्याची धूळ झाडली. व्होल्टेज न वाढवता गुणक एकेकानेच वाढवला, म्हणजे दर खेपेला ०.१ गिगाहर्ट्झ. मग तासभर जड काम देऊन तापमान पाहायचं. ८० अंशांकडे झुकलं किंवा यंत्र अडलं, की एक पायरी खाली! आमचा ३.६ वर थांबवला. शेजारणीचा ४ वर चालतो? चालू द्या. एकाच जातीच्या दोन नगांची ताकदही सारखी नसते, नाही का?