खालची नळी

शिखरावर जाऊन आलेल्या माणसाची कीर्ती सर्वतोमुखी होते. पायथ्याशी कोण थांबले होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. हवेच्या दाबाचा धडा शिकविताना मात्र माझे लक्ष हल्ली अशाच एका थांबलेल्या माणसाकडे वारंवार जाते.

आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो, असे इटलीतील तोरिचेल्लीने १६४४ साली लिहिले. उपड्या नळीतील पाऱ्याला बाहेरच्या हवेचे वजन तोलून धरते, हे त्याचे म्हणणे. तसे असेल तर डोंगरावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून पारा उतरलाच पाहिजे, असा तर्क फ्रान्सातील पास्कलने केला. तो स्वतः पॅरिसला होता. तेव्हा हे काम त्याने थोरल्या बहिणीचे यजमान पेरिये यांजवर सोपविले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी ते क्लेर्मोंजवळचा प्वी द दोम हा डोंगर चढले. खाली मठाच्या बागेत फ्रेंच मापाने २६ इंचांहून किंचित अधिक असलेला पारा माथ्यावर २३ इंचांच्या आसपास आला.

परंतु हवामान पालटले की दाबही पालटतो, आणि त्या दिवशी आभाळ लहरी होते. मग पारा उतरला तो उंचीमुळे की आभाळामुळे? याचे उत्तर मठात होते. तेथे तशीच दुसरी नळी ठेवून एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होते. पारा हलला नाही, एवढेच त्यांनी सांगितले. आणि त्या एका वाक्याने माथ्यावरच्या मापाला अर्थ आला.

हवा दबणारी आहे. वरच्या सर्व थरांचे ओझे खालच्या थरावर पडते, म्हणून तोच सर्वांत दाट. समुद्रसपाटीजवळ सुमारे ११ मीटर चढले की पारा १ मिलिमीटर उतरतो. पुढे तेवढ्याच उतारासाठी अधिकाधिक चढावे लागते. सुमारे ५,५०० मीटरांवर दाब निम्मा होतो. म्हणजे निम्मी हवा त्याच्या खालीच साठलेली असते.

तीस वर्षे मी हा धडा एकाच महाविद्यालयात सांगत आलो. माझे विद्यार्थी कोठल्या कोठे गेले. “सर, आपण अजून तेथेच?” असे त्यांपैकी एकाने परवा पत्रातून विचारले. विचारले प्रेमानेच, तरी मनाला कोठेतरी लागले. त्या धर्मगुरूंचा दाखला देऊन स्वतःची समजूत घालणे सोपे आहे. पण ते नुसते बसून नव्हते, पाहत होते. जागा न सोडणे हा काही गुण नव्हे. जागेवर राहून नजर न काढणे हा गुण. वर्षानुवर्षे समोर येणाऱ्या मुलांकडे मी तसे पाहिले काय, एवढाच प्रश्न उरतो; आणि निवृत्तीला अवकाश आहे तोवर त्याचे उत्तर रोजच्या तासालाच द्यावयाचे आहे.